चावी

गोडोलीहून बदली होऊन मला आठ दिवस झाले.
चिमणपुऱ्यातले व्हॉल्व्ह अजून पाठ नाहीत.
झोरे मुकादमानं वहीच्या पानावर काढून दिलंय:
पिठाची गिरणी, तिथून डावीकडे,
बुजवलेला हौद, हौदापासून अकरा पावलं, लोखंडी झाकण.
पाणी सहाला सोडायचं.

गिरणीच्या वळणावर मशालजी भेटला,
मशाल विझलेली, माझ्याकडं काडेपेटी मागत होता.
त्याच्यामागं दोन चोपदार, एक हलकारा,
थैलीतलं पत्र पडलं म्हणून गटारीशी वाकलेला.
भालदारांच्या मिशा घामानं सुटत होत्या
आणि सगळा पेठभर
डिंकाचा, मोगऱ्याचा, इस्त्रीचा वास.

माझ्या खांद्यावर चावी.
साडेचार फूट लोखंड, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड.
नाकापर्यंत पगडी उतरलेल्या एका पोरानं विचारलं,
काका, हे कुठलं हत्यार?
म्हटलं, पाण्याचं.
त्यानं नीट विचार केला.
"मग तोफेच्या आधी का नंतर?"

तेवढ्यात नऊवारी नेसलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या
रेठरेकर बाई यादी घेऊन आल्या.
मला खालीवर बघितलं, खाकी, चिखलाचे बूट.
"सुरुंगवाले ना? केवढा उशीर! हत्तीच्या मागं चला."
आणि मी गेलो. खोटं कशाला बोलू.
अठरा वर्षं गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतोय,
आज किती वेळ सोडणार, एवढंच विचारतात लोक.
रांगेत कुणी घेतलं नव्हतं.

हत्ती म्हणजे दोन सायकली, बांबू, गोणपाट.
पोटातून भांडण ऐकू येत होतं,
ब्रेक तू दाबलास, ब्रेक तू दाबलास.
त्याच्या शेपटीमागं मी छाती काढून चाललो
हौदापर्यंत.
मग सवयीनं पावलं मोजायला लागलो.

अकरावं पाऊल सिंहासनावर पडलं.

वर सुभेदार बसलेले, म्हणजे औषधाच्या दुकानातले शिकलगार,
जांभळा मखमली अंगरखा,
बगलेतून भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी लोंबतेय.
म्हटलं, जरा उठा, खाली व्हॉल्व्ह आहे.
"आम्ही दरबारात आहोत," सुभेदार म्हणाले.
मी घड्याळ दाखवलं.
त्यांनी तलवारीच्या मुठीवर हात ठेवला.
तेव्हा वरच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला,
"अहो दरबार, टाकीत थेंब नाही, उठा की!"

दरबार उठला.
गालिचा गुंडाळला, खुर्ची दोघांनी उचलली,
झाकण सरकवलं तसा ओल्या मातीचा गार वास वर आला
आणि मोगरा मागं सरला.
आत आपला लोखंडी नळ,
त्याच्या शेजारी फुटक्या तोंडाची एक जुनी खापरी,
केव्हाची कोरडी.
चावी सोडली, चाचपडली, बसली.
आटे पोरं मोजायला लागली,
सातव्या आट्याला चोपदारही मोजत होते.
मी दांड्याला कान लावला.
कासचं पाणी येत होतं, लांबून, खोकत.

नळावर पहिला नंबर उस्मान पखालींचा.
त्यांचं सोंग भाड्याचं नव्हतं.
आजोबांची पखाल माळ्यावरून काढून
महिनाभर तिळाचं तेल चोळलेलं,
तरी साठ वर्षं सुकलेलं कातडं ते,
भरली तशी शिवणीशिवणीतून गळायला लागली.
म्हातारा पाठीवर घेऊन निघाला,
सदरा चिंब, मागं रस्त्यावर ओली रेघ.
चालताना तो डावीकडं झुकत होता.
हे बाईंच्या तालमीत कुणी शिकवलं नव्हतं,
वजनानं शिकवलं.
सुभेदारांनी त्याला वाट दिली.

सुरुंगवाले कुठं गेले, बाई शिट्टी फुंकत होत्या.
मी तिथंच उकिडवा बसून राहिलो,
चावीवर हात ठेवून, सात वाजेपर्यंत.

मग बंद करून वही काढली.
चिमणपुरा. सोडलं सहा वाजून नऊ मिनिटांनी.
उशिराचं कारण, या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून
लिहिलं: दरबार चालू होता.